हेड कोच व्हायचंय? आधी नीट हरायला शिका

इथे अमेरिकेत मुलीच्या कॉलेजचं स्प्रिंग सेमिस्टरचं बिल आलं. ट्यूशन, लॅब, पार्किंग आणि त्याखाली नेहमीची ओळ: ॲथलेटिक्स फी. पोरीने आजवर एकही मॅच पाहिलेली नाही. शनिवारी ती लायब्ररीत असते. म्हणजे असायची, आता बजेट नाही म्हणून शनिवारी लायब्ररी लवकर बंद होते. त्याच आठवड्यात कॉलेजने अमेरिकन फुटबॉलच्या हेड कोचला काढलं. करार संपेपर्यंतचे पैसे त्याला घरबसल्या मिळणार आहेत. नवा शोधायला सर्च फर्म, म्हणजे माणसं हुडकून देणारी कंपनी, नेमली आहे, तिची फी वेगळी. घरचं झालं थोडं!

तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज संभाव्य उमेदवारांची नवी यादी पडते. नावं तीच, क्रम बदललेला. या यादीत आपलं कुणीच कसं नाही? आपल्याकडे एच-वन-बीवाल्याला लेऑफ मिळाला की साठ दिवसांत नवी नोकरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. कोचला लेऑफ मिळाला की तो तळ्याकाठी घर बघतो. तेव्हा पोरांना कम्प्युटर सायन्सला घालायच्या आधी खालील मार्गदर्शन वाचावं.

एजंट धरा. जिंकणं नंतर.

एजंट आधी तुमचं नाव दुसऱ्या कॉलेजच्या यादीत आणतो. तिकडे जायची इच्छा असलीच पाहिजे असं नाही. 2021 च्या नोव्हेंबरात पेन स्टेट विद्यापीठाचा कोच जेम्स फ्रँकलिन याचं नाव यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट) या विद्यापीठांच्या याद्यांत फिरत होतं. पेन स्टेटने त्याला दहा वर्षांचा नवा करार देऊन टाकला. 2025 च्या ऑक्टोबरात तिथूनच त्याला काढलं.

‘मी कुठेही जाणार नाही’ हे ठासून सांगा आणि सामान बांधायला घ्या. मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक टीमचा कोच निक सेबनने 2006 च्या डिसेंबरात सांगितलं होतं की मी अलाबामा विद्यापीठाचा कोच होणार नाही. दोन आठवड्यांच्या आत तो अलाबामाचा कोच होता. पुढे इतकं जिंकला की लोकांनी ते वाक्य कौतुकाने सांगायला सुरुवात केली.

निरोप समारंभ टाळा. बॉबी पेट्रिनोने 2007 मध्ये अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक टीमच्या खेळाडूंच्या लॉकरमध्ये निरोपाच्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि त्याच रात्री आर्कान्सा विद्यापीठात कोच म्हणून हजर झाला.

बायोडेटा मात्र खरा लिहा. जॉर्ज ओ’लिअरीला 2001 मध्ये नोत्र दाम विद्यापीठाने नेमलं, आणि बायोडेटातली मास्टर्स डिग्री खोटी निघाल्यावर पाच दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे डिग्री खोटी निघाली तर घरी, आणि टीम खोटी निघाली तर कोट्यधीश.

आता मुख्य धडा: बायआउट, म्हणजे मुदतीआधी काढलं तर कोचला द्यायचे पैसे. करारात ‘गॅरंटीड’ हा शब्द आला की तुमचं काम संपलं, पुढचं नुसतं खेळणं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने 2017 मध्ये जिंबो फिशरला दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर कबूल केले. 2021 मध्ये करार 2031 पर्यंत वाढवला. 2023 च्या नोव्हेंबरात काढलं तेव्हा देणं निघालं साडेसात कोटींहून जास्त! करारात ना दुसरी नोकरी शोधायची अट, ना ती लागली तर पैसे कापायची. 2017 मध्ये त्याला आणणारे ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख, स्कॉट वुडवर्ड तोपर्यंत एलएसयूत पोचले होते. तिथे त्यांनी 2021 मध्ये ब्रायन केलीला आणलं, दहा वर्षं, साडेनऊ कोटी. 2025 च्या ऑक्टोबरात ए अँड एमनेच एलएसयूला एलएसयूच्याच मैदानावर 49-25 असं झोडपलं आणि केली गेला. देणं पाच कोटींच्या वर. मग एलएसयूचे वकील म्हणू लागले की केलीला रीतसर काढलेलंच नाही. केलीने कोर्टात दावा लावल्यावर एलएसयूने मुकाट्याने कबूल केलं. त्याआधीच लुइझियानाचे गव्हर्नर लँड्री भर पत्रकार परिषदेत म्हणाले होते, असले करार बास, वुडवर्ड पुढचा कोच निवडणार नाहीत, त्यापेक्षा ट्रम्पना निवडू देईन. वुडवर्ड दुसऱ्या दिवशी गेले. आणि महिन्याभरात, काटकसरीचा उपाय म्हणून की काय, लेन किफिनला सात वर्षांसाठी वर्षाला सुमारे 1 कोटी 30 लाख! हाच किफिन 2010 मध्ये टेनेसी विद्यापीठ एका हंगामात सोडून पळाला तेव्हा पोरांनी गाद्या जाळल्या होत्या. 2025 मध्ये तो कोच असलेली ओल मिसची, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाची, टीम 11-1 करून पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीला, निघालेली, आणि त्यांचा कोच एलएसयूच्या विमानात. हा यादीतला पहिला उमेदवार! त्याला नेमायला सर्च कसला करायचा?

यावर ग्रुपवर ठरलेलं उत्तर येतं: ‘अहो, ते डोनरचे पैसे असतात.’ असतील लुइझियानात. माझ्या बिलावर ती ओळ कुठला डोनर भरतो, नाव सांगा. आणि एखादा डोनर एका माणसाला कामावर न येण्यासाठी दोन कोटी जमवून देऊ शकतो, तर त्याच्याकडे लायब्ररीचे दिवे रात्री अकरापर्यंत चालू ठेवायला पैसे का नसतात?

बास झाली गंमत. ट्रस्टी मंडळींनो, तुम्ही धंद्यात असले करार करता का? फ्रँकलिनचे बाकी होते जवळपास पाच कोटी. त्याला व्हर्जिनिया टेकने घेतल्यावर पेन स्टेटची 90 लाखांत सुटका झाली. म्हणजे दुसरी नोकरी लागली की आमचं देणं कमी, एवढं कलम घालता येतं. तुम्ही घालत नाही, कारण एजंट डोळे वटारतो आणि डिसेंबरच्या आत फोटो काढायला नवा माणूस हवा असतो.

आणि ग्रुपवाल्यांनो, तुम्हीही कमी नाही. ऑक्टोबरात दुसरी मॅच हरल्यावर ‘काढा त्याला’ कोण ओरडत होतं? विमानतळावर कुठलं प्रायव्हेट जेट उतरलं ते रात्री दोनला कोण शोधत बसलं होतं? फीवाढीच्या विरोधात ट्रस्टींना पत्र लिहिलं तेव्हा सह्या मागितल्या होत्या. अंगठे पुष्कळ आले, सही एकाचीही नाही. पत्र अजून माझ्याकडे आहे. उद्या यादी टाकायच्या आधी त्यावर सही करा.