आइसब्रेकर मोजून आर्क्टिक कळत नाही

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की, रशियाकडे अणुशक्तीवर चालणारे ८ आइसब्रेकर, म्हणजे बर्फ फोडून वाट काढणारी जहाजं, आहेत, अमेरिकेकडे ध्रुवीय कामाचे साधेही बोटावर मोजण्याइतके, तरी आर्क्टिकवरच्या लेखात 'रशियाने बाजी मारली' असं मी लिहिलं नाही. आकडा खरा आहे. पण तो मालवाहतुकीचा हिशेब आहे, लष्करी बळाचा नाही.

रशियाच्या उत्तरेकडच्या ताफ्यातल्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्या देशाच्या वायव्य टोकाला, कोला द्वीपकल्पावरच्या गाजियेवो तळावर असतात. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र भर हिवाळ्यातही गोठत नाही, त्यामुळे बाहेर पडायला त्यांना आइसब्रेकर लागतच नाही. १९६० च्या दशकाअखेरीस सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पल्ला ३,००० किमीच्या आतच होता. पाणबुडीला ग्रीनलंड, आइसलंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या फटीतून अटलांटिकमध्ये उतरावं लागे आणि नाटोचे कान नेमके तिथेच लागलेले. पुढच्या दशकात पल्ला साडेसात हजार किमीच्या पलीकडे गेला, तेव्हा कोलालगतच्या, घरच्या बॅरेंट्स समुद्रातूनच अमेरिका टप्प्यात आली. मग खटाटोप एकच उरला: बॅरेंट्समध्ये परक्याला शिरू द्यायचं नाही.

म्हणून फिनलंडचा २०२३ मधला नाटोप्रवेश मला डझनभर आइसब्रेकरांपेक्षा मोठा वाटतो. रशियाशी त्याची सीमा सुमारे १,३४० किमी, आणि कोलावरच्या मुर्मान्स्क बंदराची रेल्वे तिला जवळपास समांतर जाते. ती तुटली तर कोलाची रसद आटते. शिवाय नॉर्वेच्या एवेनेस तळावर पाणबुडीशोधक पी-८ विमानं आहेत, आपल्या नौदलाची अरक्कोणम आणि गोव्यात आहेत त्याच जातीची.

आता आइसब्रेकरांकडे. रशियाचा अणुशक्तीवरचा 'आर्क्टिका' ३४ मीटर रुंद, तर सायबेरियातल्या यामालचा गॅस नेणारी जहाजं ५० मीटर. पुढच्याने फोडलेली वाट मागच्याला पुरत नाही. जाड बर्फात ही गॅसची जहाजं उलटी फिरतात आणि मागच्या पंख्यांनी बर्फ कापत पाठमोरी सरकतात. वेग अर्थातच रखडतो. म्हणून तर सुमारे ४८ मीटर रुंदीचा, १२० मेगावॉटचा 'रोसिया' बांधायला घेतलाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या सागरी मार्गावर बर्फ लवकर धरला आणि वीसेक जहाजं अडकून पडली. या मार्गावर २०२४ साठी मालवाहतुकीचं उद्दिष्ट होतं ८ कोटी टनांचं, प्रत्यक्षात ३.८ कोटीही भरले नाहीत.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूने आणखी पक्का करतो: अमेरिकेचा १९७६ चा आइसब्रेकर 'पोलर स्टार' आपल्याकडचे बहुतेक हिवाळे अंटार्क्टिकात मॅकमर्डो या अमेरिकी संशोधन तळाची वाट मोकळी करण्यात घालवतो. म्हणजे उत्तरेला प्रत्यक्षात उरतात ते त्या मोजक्यांहूनही कमी.

चीनबद्दल विचारलंत. त्याची हालचाल रशिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंगच्या बाजूला दिसते. जुलै २०२४ मध्ये चिनी आणि रशियन बॉम्बर विमानं अलास्काजवळ एकत्र उडाली. बॅरेंट्समध्ये मात्र मॉस्को त्याला फिरकू देईल असं मला तरी वाटत नाही.