मोहेंजोदडोत अणुबॉम्ब पडला नव्हता, आणि नर्तकी लंडनला नाही

‘म्युझियमवाले तुमच्यापासून काय लपवतात’ अशा थाटाचा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो भाचीच्या शाळेच्या पालक-ग्रुपवर आला आणि लगेच सूर लागला की दिल्लीच्या सहलीतून राष्ट्रीय संग्रहालय वगळा, तिथे सगळं खोटंच आहे. म्हणून हे लिहिणं आलं. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: मोहेंजोदडो अणुस्फोटात संपलं, तिथल्या मण्यांची भोकं लेझरशिवाय पडूच शकत नाहीत, सगळ्या अस्सल वस्तू इंग्रजांनी लंडनला नेल्या आणि आपल्याकडे प्लास्टरच्या नकला ठेवल्या, दायमाबादचा रथही तसाच गेला, सिंधू लिपी केव्हाच वाचून झाली, पण दडपून ठेवली.

आधी बॉम्ब, कारण लोक डोळे मिटून पुढे ढकलतात तो भाग हाच. ‘रस्त्यात एकमेकांचे हात धरून पडलेले किरणोत्सारी सांगाडे’ हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने किरणोत्सार कोणी मोजला, कधी मोजला, किती भरला, यातलं काहीही लिहिलेलं नाही. सांगाड्यांची गोष्ट मुळात वेगळीच होती. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये त्यांच्यावरून आर्यांनी केलेल्या कत्तलीचं चित्र रंगवलं, आणि त्यातलीच हाडं पुढे बॉम्बवाल्यांनी उचलली. मोहेंजोदडोत स्वतः उत्खनन केलेल्या जॉर्ज डेल्स यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ संग्रहालयाच्या ‘एक्स्पिडिशन’ या नियतकालिकात १९६४ मध्ये हा कत्तलीचा बनाव उघडा पाडला. सुमारे तीन मैल घेराच्या शहरात १९२२ ते १९३१ अशी नऊ वर्षं खणून सिंधू काळातले म्हणता येतील असे सांगाडे मिळाले ते जेमतेम ३७, तेही तुकडे धरून. सगळे खालच्या वस्तीत. बालेकिल्ल्यावर एकही नाही. आणि ते एका थरातले, एका दिवसाचे नाहीत. शहरावर बॉम्ब पडला आणि मेले ते सदतीस, तेही वेगवेगळ्या काळात? डेल्स यांचा लेख कत्तलीच्या कल्पनेविरुद्ध लिहिलेला आहे, पण बॉम्बची कल्पनाही त्यातच निकालात निघते.

मग ‘वितळून काच झालेली माती’ हा पुरावा पुढे येतो. काचेसारखी माती तिथे आहे, हे अर्धसत्य मान्य. हिरवट-काळसर, फेसाळ, हातात घेतली तर हलकी लागणारी ढेकळं मोहेंजोदडोच्या पृष्ठभागावर सापडतात. पण ती कुठे सापडतात ते बघा: कारागिरांच्या वस्तीत, उदाहरणार्थ आग्नेयेकडच्या मोनीर भागात. हा भट्ट्यांचा कचरा आहे. भट्टी हजार अंशांच्या वर गेली की मातीतले क्षार आणि चुना तिला वितळवायला लागतात, अस्तराची माती ओघळते, आतली भांडी एकमेकांना चिकटतात. दगडासारख्या कडक, काळपट बांगड्या तर अशाच भाजल्या जात. भुसा मिसळलेल्या मातीने लिंपलेल्या भांड्यात त्या एकावर एक रचायच्या, तोंड बंद करून वर मुद्रेचा ठसा मारायचा आणि हवा लागू न देता भाजायच्या. ताप थोडा जास्त झाला की अख्खी रास एकजीव होऊन वाया. मातीची भट्टी लावणाऱ्या कोणालाही विचारा, असं ढेकूळ ओळखायला त्याला अणुशास्त्र लागणार नाही.

आणखी एक. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल. पाणी झिरपू नये म्हणून त्याच्या विटांच्या भिंतींमागे डांबराचा थर दिलेला आहे, आणि तो खणताना जागच्या जागी मिळाला. शहराची माती वितळवणाऱ्या उष्णतेने डांबर मात्र सोडून दिलं, असं मानायचं असेल तर माना.

मण्यांचा मुद्दा मला जास्त आवडतो, कारण त्याचं उत्तर काचेच्या कपाटातच ठेवलेलं असतं. लांब, दोन्ही टोकांना निमुळते लाल अकीकाचे मणी ६ ते १३ सेंटिमीटरचे असतात आणि भोक त्यांच्या पूर्ण लांबीतून जातं. ‘आजच्या मशीनलाही जमणार नाही’ म्हणे. पुरातत्त्वज्ञ अर्नेस्ट मॅके यांना सिंधमधल्या चान्हुदडो या सिंधूकालीन वस्तीत १९३५-३६ मध्ये अशा मण्यांचा कारखानाच सापडला: अर्धवट घडवलेले, भोक पाडताना फुटलेले मणी, आणि शेजारी दगडी गिरमिटांची टोकं. ती ज्या अतिकठीण दगडाची आहेत, त्याला पुढे मॅके यांच्याच पहिल्या नावावरून ‘अर्नेस्टाइट’ हे नाव मिळालं. लेझरचा कारखाना असता तर फुटके मणी आणि झिजलेली टोकं कशाला सापडली असती?

पद्धत अशी: आधी दगड भाजून त्याचा लाल रंग खुलवायचा, ठोकून आणि घासून आकार द्यायचा, टोकाला बारीक खाच पाडायची, मग धनुष्याच्या दोरीने गिरमिट फिरवायचं, वर सतत पाणी टाकत. पुरातत्त्वज्ञ जोनाथन केनॉयर यांच्या प्रयोगांत या टोकाने तासाला सुमारे २.५ मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे १० सेंटिमीटरच्या एका मण्याला निव्वळ ४० तास. पाणी कमी पडलं तर दगड तापून तडकतो. हात हलला तर गिरमिट आत अडकतं. म्हणून भोक दोन्ही बाजूंनी पाडत मध्यभागी जुळवतात आणि तिथे बहुधा लहानशी पायरी राहते. मणी अर्धपारदर्शक असतो. मागून उजेड पडला तर ती पायरी डोळ्यांना दिसते. अकीक घडवण्याचा हा धंदा गुजरातेत खंभातला आजही चालतो. टोकाला आता हिरकणी असते, धनुष्य तेच.

आता लूट. इथे मला नाइलाजाने थोडं मागे सरकावं लागतं. पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेली हडप्प्याची पहिली मुद्रा खरोखर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चान्हुदडोच्या वस्तूंचा मोठा वाटा बोस्टनच्या संग्रहालयात गेला, कारण त्या खोदकामामागे ते संग्रहालय होतं. त्याआधी हडप्प्याच्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली खडी म्हणून घातल्या, तो गुन्हा तर कोणत्याही चोरीपेक्षा मोठा. पण ‘सगळं लंडनला’ हे साफ खोटं. १९२६ मध्ये सापडलेली कांस्य नर्तकी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पशुपती म्हणून ओळखली जाणारी मुद्राही तिथेच. हडप्प्याचं लाल दगडातलं पुरुषाचं धडही तिथेच. त्याच्या मानेत आणि खांद्यांत डोकं-हात वेगळे बसवायला पाडलेली भोकं जरूर बघा.

खरी वाटणी लंडनशी नाही, फाळणीत पाकिस्तानशी झाली. नर्तकी आपल्याकडे राहिली. काशीनाथ नारायण दीक्षित यांच्या खोदकामात मिळालेला ‘पुरोहित राजा’ हा दाढीवाला दगडी पुतळा कराचीला गेला. सोनं आणि हिरव्या दगडाचा एक हार आणि अकीकाचा एक कमरपट्टा तर अक्षरशः सोडवून मणी निम्मे-निम्मे वाटले. २०१६ मध्ये लाहोरच्या उच्च न्यायालयात एकाने अर्ज केला की नर्तकी भारताकडून परत आणा. ती लंडनला असती तर त्याने इंग्रजांवर दावा लावला असता.

मग ‘नकला’ हा समज येतो कुठून? दोन गोष्टींवरून. एक, आकार. पुस्तकातल्या पानभर फोटोमुळे लोकांना नर्तकी हातभर तरी वाटते. ती आहे १०.५ सेंटिमीटर. पुरोहित राजा १७.५, पशुपती मुद्रा तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपासची चौकट. कपाटासमोर उभं राहून ‘एवढीशी? मग नक्कलच’ असं म्हणणारे नेहमी भेटतात. दोन, मुद्रेशेजारी बहुधा तिचा आजच्या काळात काढलेला ठसा ठेवलेला असतो. मुद्रेवर चित्र खोदलेलं आणि उलटं असतं, ठशावर ते उठावाचं आणि सुलट दिसतं. लोक ठसा बघून ‘प्लास्टर आहे’ म्हणतात. बरोबर, तो प्लास्टरचाच असतो. अस्सल वस्तू त्याच्या बाजूला असते. मऊ शंखजिऱ्यात कोरून, वर क्षाराचा लेप देऊन भाजल्यामुळे ती पांढरट आणि कडक झालेली असते, पाठीवर दोरी ओवायला भोक पाडलेलं बोंड असतं. जिथे खरोखर प्रतिकृती असते तिथे पाटीवर तसं लिहितात. पाटी वाचायची असते. (आणि हो, राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतं. सहल आखणाऱ्यांनी अणुबॉम्बाऐवजी याची चिंता करावी.)

दायमाबादचा रथ इंग्रजांनी नेला, यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. प्रवरेकाठच्या या गावी रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा अशी चार ओतीव शिल्पं, एकूण साठ किलोंच्या वर वजनाची, १९७४ मध्ये सापडली. इंग्रज जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

राहिली लिपी. लिपीचे अभ्यासक इरावतम महादेवन यांनी १९७७ च्या सूचीत ४१७ चिन्हं मोजली. लेख सरासरी पाच चिन्हांचे. एका पृष्ठभागावरचा सर्वात लांब लेख सतरा चिन्हांचा. दोन भाषांत कोरलेला एकही लेख नाही. गंमत म्हणजे मेसोपोटेमियातल्या शू-इलिशू नावाच्या दुभाष्याची मुद्रा पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, आणि तिच्यावर तो ‘मेलुह्हा’च्या, म्हणजे बहुधा सिंधू प्रदेशाच्या, भाषेचा दुभाषी असल्याचं कोरलेलं आहे. पण त्याने आपल्यासाठी एक ओळ मागे ठेवली नाही. लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलर देण्याची घोषणा तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२५ मध्ये केली. ‘केव्हाच वाचून झाली’ म्हणणाऱ्यांनी मजकूर पुढे ढकलण्याआधी चेन्नईला अर्ज करावा.