साडेसातची मीटिंग

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं तासभर मागे घेतात. त्या रात्री आम्ही स्टुटगार्टला एक तास जास्त झोपतो. पुण्याच्या टीमबरोबरची आमची मीटिंग वर्षानुवर्षं दुपारी तीनची होती. उन्हाळ्यात पुण्यात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, त्या रविवारनंतर साडेसात. म्हणजे आमची झोप वाढायची आणि हिंजवडीतल्या दहा-बारा जणांचं घरी जाणं तासाभराने लांबायचं, ते थेट मार्चअखेरपर्यंत. अकरा वर्षांत तिकडून कुणी चकार शब्द काढलेला नाही. मी स्वतः चिंचवडची, हिंजवडीची रात्रीची गर्दी मला पाठ आहे. तरी त्यातली नऊ वर्षं मलाही यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कामाच्या तासांवरून कायम हमरीतुमरी चालू असते. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं बोलणं बाहेर आलं, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, या सवालासकट. आणि या दोन्हींच्या मधे, जुलै 2024 मध्ये, पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत लागून जेमतेम चार महिने झालेली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, अंत्यविधीला कंपनीतून कुणी फिरकलंही नाही, असं तिच्या आईने पत्रात लिहिलं. कंपनीने कामाच्या ताणाचा आरोप मान्य केला नाही. पुढे कामगार खात्याच्या पाहणीत निघालं काय, तर कामाचे तास ठरवणाऱ्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या ऑफिसची नोंदणीच नव्हती. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच, आणि आमच्या ग्रुपवर तिच्यावर एकही मेसेज आला नाही. सगळी चर्चा ‘हल्लीची मुलं नाजूक’ या एका वाक्याभोवती.

ते वाक्य आमच्या काकांचं. काका टेल्कोत होते. “आम्ही तीन-तीन पाळ्या केल्या, आम्हाला नाही कुणाला डिप्रेशन आलं!” आलं नसेल, किंवा आलं असेल आणि त्याला नाव नसेल, तो भाग सोडा. पण काकांच्या पाळीला भोंगा होता. भोंगा झाला की हातातलं काम पुढच्या पाळीच्या माणसाच्या हातात, आणि बाहेर कंपनीची बस उभी. रात्री अकरा वाजता काकांना कुणी मशीन घेऊन घरी बसवत नव्हतं. शिवाय मागे युनियन होती. त्यांच्या भाच्याच्या लॅपटॉपला भोंगा नाही, एवढंच मी ग्रुपवर लिहिलं, तर काकांनी दोन दिवस गुड मॉर्निंग पाठवलं नाही.

मला हे कळायला स्वतः आजारी पडावं लागलं. 2019 च्या फेब्रुवारीत एकच मेल चार-चार वेळा वाचूनही त्यात काय लिहिलंय ते डोक्यात शिरेना. एके सकाळी ऑफिसला जाताना गाडी आली, ती सोडली. पुढची सोडली. चौथीही गेली तेव्हा उठले आणि तशीच घराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ‘जीव वर-खाली होतोय’ हे जर्मनमध्ये कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं, तर त्यांनी आधी ईसीजी काढला. तो ठीक निघाला. मग विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, रविवारी संध्याकाळी कसं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला मी रडायला लागले.

त्यांनी एक पिवळा कागद छापला. एक प्रत आरोग्य विम्याला, तीवर आजाराचा संकेतांक. दुसरी कंपनीला, तीवर फक्त तारखा. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ही व्यक्ती काम करू शकत नाही, बास. पाठ धरलीय की मन, हे कंपनीला कळण्याची सोयच नाही. 2023 पासून तो कागदही गेला, कंपनी तारखा विम्याकडून ऑनलाइन घेते, पण आजाराचं नाव तिला आजही मिळत नाही.

दोन आठवड्यांचे नऊ झाले. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला, कारण कायदा आहे. पुढे विम्याने कपातीआधीच्या पगाराच्या साधारण 70 टक्के. परतले तेव्हा आधी रोज चार तास, मग सहा, मग पूर्ण वेळ. याला इथे हॅम्बुर्ग पद्धत म्हणतात. माझा तेव्हाचा बॉस काही फार मायाळू माणूस नव्हता. पहिल्या दिवशी त्याने हात मिळवला, “पुन्हा स्वागत,” म्हणाला आणि एक्सेल उघडली. पण त्याने मायाळू असण्याची गरजच नव्हती! आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणं हमखास ‘समजूतदार मॅनेजर’वर येऊन थांबतं. समजूतदार मॅनेजर लाभणं हे समजूतदार सासू लाभण्यासारखं आहे. लाभली तर उत्तमच, पण त्या भरवशावर कुणी लग्नाचे कायदे करत नाही.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “म्हणजे नक्की काय झालंय? ताप आहे का?” आणि सोसायटीत सांगताना तिने माझ्या पाठीचं दुखणं काढलं. गंमत म्हणजे तिने अगदी जर्मन पद्धतीच केली, तारखा सांगितल्या आणि आजार झाकला. फरक इतकाच की तिने तो लाजेपायी झाकला.

इथलं सगळं गोडगोड आहे असं मुळीच नाही. त्या नऊ आठवड्यांत ऑफिसातल्या एकाही माणसाने फोन केला नाही. आजारी माणसाला त्रास द्यायचा नाही, ही इथली रीत. आधी फार बरं वाटलं, चौथ्या आठवड्यात ते अंगावर यायला लागलं. पुण्यात असते तर पाच डबे आले असते, त्यांच्यासोबत पाच सल्ले आणि एखाद्या बुवांचा नंबरही आला असता, पण दार तरी वाजलं असतं. मानसोपचारासाठी मी चौदा ठिकाणी फोन केले, बहुतेक ठिकाणी मशीनच बोललं. जागा मिळाली ती जवळजवळ पाच महिन्यांनी, तोवर मी कामावर परतलेही होते. त्या मानाने घरी 14416 फिरवला की टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत, फुकट, कुणीतरी बोलतं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. इथले काही तरुण सहकारी तर उपचाराचे पैसे खिशातून भरतात, कारण नोंद झाली तर काम करता न येण्यापुरता जो वेगळा विमा असतो तो मिळायला अडचण येते. आणि आमचे काका इथेही आहेत. जानेवारी 2025 मध्ये आलियान्झ या बड्या विमा कंपनीच्या प्रमुखांनी सुचवलं की आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार देऊ नये. लोक फार आजारी पडतात म्हणे.

तरीही तिकडची चर्चा ऐकताना मला वाटतं की आपण चुकीच्या टोकाला धरून ओढतोय. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेल न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत आणलं, डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा आणलं. खासगी विधेयकं मंजूर होण्याची शक्यता नसल्यात जमा, तरी विषय पटलावर राहिला हे बरंच. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास दुकानं-ऑफिसांत 9 वरून 10 आणि कारखान्यांत 9 वरून 12 करायला मान्यता दिली, आठवड्याची 48 ची मर्यादा कायम ठेवून. यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. आजारी पडलेल्या माणसाच्या पगाराचं काय, यावर कुणी बोलेना. खरं तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा कायदा 1948 मध्येच झाला, त्या योजनेत आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. फक्त महिना 21 हजारांच्या वर पगार गेला की माणूस त्यातून बाहेर. पुढे त्याच्या आजारपणाचा निवाडा एचआर करणार. म्हणजे आयटीतला बहुतेक सगळा मध्यमवर्ग या बाबतीत कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि त्याला ते बढती वाटतं.

त्याऐवजी काय मिळतं? 10 ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाला आमच्या पुण्याच्या ऑफिसात श्वसनाचं ऑनलाइन सत्र होतं. मीही इथून जोडले गेले होते. बाई सांगत होत्या, डोळे मिटा, श्वास आत घ्या. चौतीस जण हजर, सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि त्याच वेळी त्यातल्या तिघांच्या मेल मला येत होत्या.

दोन वर्षांपूर्वी मी टीमची प्रमुख झाले आणि मीटिंग आमच्या सकाळी आठवर आणली. पुण्यात हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. इथल्या दोघांनी कुरकुर केली, त्यांना मुलांना शाळेत सोडायचं असतं. महिन्याभराने पुण्यातल्या एकाला सहज विचारलं, आता घरी वेळेवर पोचता का? तो जरा घुटमळला.

“मॅडम, खरं सांगू? मीटिंग होती तेव्हा बरं होतं. आता इथले साहेब साडेसातपर्यंत जागेवरून उठत नाहीत, आणि आम्हाला बसायला कारण शोधावं लागतं.”