मुळासकट मेथी

शाळेच्या ग्रुपवर रविवारी रात्री साडेदहाला मेसेज आला : 'उद्या परसबागेचा शुभारंभ. येताना पालक आणणे.' मी सकाळी नाक्यावरच्या भाजीवालीकडून पालकाच्या दोन जुड्या घेतल्या आणि चिरंजीवांना सोडायला शाळेच्या गेटवर गेलो. बाकीची मुलं आईबापांना घेऊन आली होती. बाईंनी आधी जुड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "वा! तुमच्याकडून दोन्ही पालक आले." आणि मला तिथल्या तिथे परसबागेचा पालक-प्रमुख केलं.

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. परळमध्ये मागेही दुसऱ्याचं घर असतं, त्यामुळे आमचा परस चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत. बाईंनी छोटंसं भाषण केलं. शाळेतल्या जेवणाची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं नाव पीएम पोषण झालं, आणि शाळांनी आपली भाजी आपण पिकवावी यावर आता भर आहे वगैरे. मुलं टाळ्या वाजवत होती. शाळेला लिफ्ट नाही, एवढाच मुद्दा माझ्या डोक्यात राहिला.

लाल मातीची पोती मी वर नेली. (कंबरेचा विषय इथे काढत नाही.) कुंड्या परवडत नव्हत्या, म्हणून मासळीबाजारातून थर्माकोलचे खोके आणले. ते तीनदा धुतले तरी बोंबलाचा वास गेला नाही, आणि पहिल्याच दिवशी आमच्या शेतात चार मांजरं हजर झाली. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, दाबून वीट केलेला. पाच किलोची वीट अख्खी बादलीत टाकून वर पाणी ओतायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती फुगत गेली, बादलीबाहेर आली, जिन्यापर्यंत पोचली. मुलांना हा प्रयोग इतका आवडला की 'पुन्हा करा काका'चा गजर झाला.

मेथी पेरायचं ठरलं, कारण दाणे घरच्या मिसळणाच्या डब्यातच मिळतात. रात्रभर भिजवून पेरले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतो. आमच्याकडे उशीर झाला, कारण चौथीतला एक शास्त्रज्ञ 'आलं का' बघायला रोज तेच दाणे उकरून परत पुरत होता. उरलेल्यांवर कबुतरं आली. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये ताडपत्रीनं झाकला, तेव्हापासून तिथली मंडळी नवी खानावळ शोधत असावीत. मग जाळी आणली, पुन्हा पेरलं. या वेळी खरोखर हिरवं झालं. मुलं खोक्यांपाशी बसून रोपांना गोष्टी सांगायची. मीसुद्धा एकदा, कोणी नाही असं बघून, 'काय म्हणता' विचारलं.

नाताळच्या सुट्टीत पाणी घालायची जबाबदारी माझी. गच्चीची किल्ली खिशात घेऊन मी तीन दिवस अलिबागला सासुरवाडीत पापलेट खात होतो. परत येऊन बघतो तर खोक्यांमध्ये केसरी रंगाचं गवत. आणि सोमवारी चौथी 'अ' स्वतःच्या मेथीची थालीपिठं करणार होती.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे साडेचारला उठून दादर स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारात गेलो. तिथे मला समुद्रमेथी भेटली. मुंबईबाहेरच्यांना सांगायला हवं : ही वाळूत दाट पेरतात, बोटभर वाढली की उपटतात, आणि चिमुकल्या जुड्या मुळांसकट विकतात. मुळांसकट! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सात वाजेपर्यंत मी गच्चीत उकिडवा बसून विकतच्या मेथीची लावणी केली. एवढ्या मनापासून मी आयुष्यात दुसरं काही पेरलेलं नाही.

"बाबा, तीन दिवसांत एवढी वाढली?"

"सुट्टीत शांतता होती ना."

मुलांनी ओढायचा अवकाश, रोपं आपणहून हातात येत होती. "बाई, आपली माती लाल आहे, मग मुळांना पांढरी वाळू कशी?" शास्त्रज्ञानं विचारलं. मी कोकोपीटबद्दल काहीतरी बोललो. तेवढ्यात एका मुलीनं एक रोप ओढलं, तर सगळी जुडीच वर आली, दोऱ्यासकट. घाईत एक सोडवायची राहिली होती. "जुळी झाली!" मुलं ओरडली. बाई काही बोलल्या नाहीत.

मुलांनी मेथी निवडली, म्हणजे निम्मी गच्चीवर सांडली. उरलेली धुऊन, चिरून, भाजणीत कांदा-तिखट-ओव्यासह कालवली. केळीच्या पानावर थालीपिठं थापली. काही गोल होती, एक थेट श्रीलंका. मधल्या भोकांत तेल सोडायचा मान मिळवण्यासाठी रांग लागली आणि दोनदा मारामारी झाली. तवा बाईंच्या ताब्यात होता. घरी मेथी बघून नाक मुरडणाऱ्या चिरंजीवांनी तीन खाल्ली, वर म्हणाले, "आईची अशी कुरकुरीत नसते." ती कुरकुर वाळूची होती.

बाईंनी माझ्या हातात दहीसाखरेची वाटी दिली. पदराआडून तो दोरा काढून दाखवला आणि हळूच विचारलं, "काय भावानं उगवली?"

"दहाला दोन," मी म्हणालो.

"फसवलं तुम्हाला. दहाला तीन मिळतात."