२०३ चा डावा डोळा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रविवारी रात्री एक फोटो आला. एका गाडीचं बॉनेट उघडं आहे, त्यात कमरेपर्यंत घुसलेला एक इसम आहे, म्हणजे इसमाचा कमरेखालचा भागच काय तो दिसतोय, आणि त्या भागाशेजारी, हातात तीन सेलची स्टीलची टॉर्च घेऊन, नुकताच वाघ मारल्यासारखे ३०४ चे काका उभे आहेत. खाली मजकूर : 'आज २०३ यांच्या गाडीचा बल्ब बसवला.'

कुणी बसवला, ते लिहिलेलं नाही. मराठीत कर्ता गाळता येतो, आणि तो नेमका कुठे गाळावा हे महापालिकेच्या नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला बरोबर कळतं. एकवीस अंगठे आले. सी विंगमधून कुणीतरी 'काका, या वयातही!' असं लिहिलं. वाघाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

वाघ मी.

शुक्रवारी रात्री मुलुंडला एल.बी.एस. रोडवर हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली. 'साहेब, गाडी डोळा मारतेय.' डावा हेडलाइट गेला होता. मी म्हटलं, एक चालू आहे की. तो म्हणाला, 'लांबून मोटरसायकल वाटते. बाजूला जागा आहे समजून कुणी घुसला, की त्याला कळणार मोटरसायकलला डावं अंग पण आहे.' मुद्दा बिनतोड होता, त्यामुळे जास्तच राग आला. काच वर करेपर्यंत चलानाचा मेसेज आला. एरवी मुंबईत हेडलाइट रस्ता दिसावा म्हणून कोण लावतो? रस्ता दुकानांच्या पाट्यांनी दिसतो आणि खड्डा पाठीच्या मणक्याला. हेडलाइट लावायचा तो आपण दिसावं म्हणून, आणि मी अर्धाच दिसत होतो.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. 'बॅटरी काढावी लागेल, बंपर ढिला करावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवा.' बल्ब १८० रुपयांचा, मजुरी १२०० रुपये. मी ठरवलं, रविवारी आपणच बसवायचा. अशा निर्णयांना घरात कुणी विरोध करत नाही, नुसतं बघतात.

तर बल्ब. याला एच-४ म्हणतात. बारा व्होल्ट, ६०/५५ वॉट. एकाच काचेत दोन तारा, साठची लांबच्या लाइटची, पंचावन्नची जवळच्या. मागे तीन पाती असतात, वर एक आडवी आणि बाजूंना दोन उभ्या, बिनदाराच्या चौकटीसारखी. त्या पात्यांवर होल्डर बसतो. दुकानात काही लोक त्याला कपलर म्हणतात, पण वस्तू तीच. बल्बच्या पत्र्याच्या चकतीला तीन कान असतात, त्यातला वरचा रुंद. हे कान दिव्याच्या पाठीमागच्या खाचांत बसवायचे, वरून तारेची स्प्रिंग अडकवायची, त्यावर रबराची टोपी चढवायची आणि मग होल्डर दाबायचा. वाचायला आठ सेकंद लागली असतील. करायला मात्र दिव्याची पाठ आणि बॅटरी यांच्यामध्ये चार बोटं जागा आहे. चार बोटं म्हणजे माप, आत माझी दोनच गेली. तिसरं गेलं ते सालटं ठेवून आलं. ज्याने ही गाडी आखली त्याला हात असणारच, पण ते त्याने या कामाला कधी लावले नसावेत.

मी आत दोन बोटांनी आंधळी कोशिंबीर खेळत असताना मागून आवाज आला, 'काय २०३, डावा गेला?'

काका पूर्वी सोसायटीचे सेक्रेटरी होते. तेव्हापासून ते माणसांना फ्लॅटच्या नंबराने हाक मारतात. नोकरी सगळी मुलुंडच्या जकात नाक्यावर. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. काका त्याच्या आधीच निवृत्त झाले होते, तरी ती तारीख ते घरातलं माणूस गेल्यासारखी सांगतात. 'तुम्ही बसवा,' ते म्हणाले, 'मी लाइट धरतो. तीस वर्षं ट्रकच्या हेडलाइटसमोर उभा राहिलोय.'

टॉर्च धरणं ही कला आहे. ज्याला येते तो काम करणाऱ्याच्या बोटांकडे बघतो. काकांची टॉर्च काका बघतील तिकडे जायची, आणि काका आठवणींकडे बघत होते. गोष्टीत ट्रक आला की उजेड सोसायटीच्या गेटकडे. ड्रायव्हर खाली उतरला की उजेड जमिनीवर. साहेब आले की थेट माझ्या डोळ्यांत. भर दुपारी बॉनेटच्या आत मात्र काळोख.

'आम्ही कागद बघायच्या आधी हेडलाइट बघायचो,' काका सांगत होते. 'मागे माल असला की ट्रकची पाठ बसते आणि नाक वर येतं. लाइट आपल्या डोळ्यांवर आला, की समजायचं भरलेला आहे. पायावर पडला, की रिकामा.'

हे मला खरंच आवडलं. तसं म्हणावं म्हणून मान वर केली आणि बॉनेटचा पत्रा डोक्यात बसला. त्या निमित्ताने काकांनी थांबून मला न्याहाळलं. 'तुम्ही अकाउंट्समध्ये ना? अकाउंट्सवाल्यांचा अंगठा आखूड असतो.'

'असं कुठे असतं का काका?'

'बघा ना स्वतःचा.'

मी बघितला. तेव्हापासून मला तो आखूडच वाटतोय.

जुना होल्डर ओढला तर तो येईना. जोर लावला तसा तपकिरी तुकड्यांत आला. प्लास्टिक भाजून बिस्किटासारखं झालं होतं. यात दोष माझाच. तीन वर्षांपूर्वी कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर एका दुकानदाराने 'साब, सौ-नब्बे डालो, रात का दिन हो जाएगा' म्हणत शंभर वॉटचे बल्ब गळ्यात मारले होते. साठ वॉटला पाच अॅम्पियर लागतात, शंभरला आठाच्या वर. कंपनीची वायर आणि होल्डर पाचाच्या हिशोबाने दिलेले. जिथे पातं होल्डरला टेकतं तिथेच तापायचं आणि तिथूनच जळायचं. पुढे साधे बल्ब परत घातले, पण होल्डरने जे सोसायचं ते सोसून झालं होतं. रात्रीचा दिवस काही झाला नाही. समोरच्यांच्या शिव्या मात्र दिवसाढवळ्या ऐकू यायच्या.

नवा होल्डर नाक्यावर ६० रुपयांना मिळाला, वितभर लांबीच्या तीन वायरींसकट. बॅटरी सोडवली होतीच. आता शहाणा माणूस काय करतो, तर जुनी एक वायर कापतो, तिच्या जागी नवी जोडतो, मग दुसरीला हात लावतो. मी तेच करणार होतो. काका म्हणाले, 'एकदाच कापा हो तिन्ही, पाऊस येतोय.' आवाजात असा काही अधिकार होता की मी कापल्या. नाक्यावर ट्रकवाले का थांबत असत ते मला त्या क्षणी कळलं. कापल्यावर बघतो तर तिन्ही वायरींचा रंग एकच. एकेकाळी लाल, हिरवी, काळी असतील; बारा पावसाळे आणि एल.बी.एस.ची धूळ खाऊन तिन्ही मुंबईच्या रंगाच्या झाल्या होत्या.

बाबांच्या स्कूटरला असलं काही नव्हतं. गोल दिव्याच्या रिंगला खाली एक स्क्रू. तो काढला की सगळा दिवा हातात यायचा. बल्ब दाबून फिरवला की निघाला, दाबून फिरवला की बसला. उजेड बेताचा, आणि तोही अॅक्सिलरेटरच्या मर्जीवर : मूठ पिळली की वाढायचा, सोडली की मेणबत्ती. म्हणजे खड्डा नीट दिसावा म्हणून बाबा मूठ पिळायचे, आणि दिसेपर्यंत आम्ही त्यात असायचो. पण बल्ब बाबा पाच मिनिटांत बदलायचे, रस्त्यावर उभ्या उभ्या, आणि फोटो कुणी काढायचं नाही. आता उजेड भरपूर आहे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रात्री निघा, पांढऱ्याफटक एलईडीचा हाय बीम डोळ्यांत घालून अख्खी मुंबई समोरून येते. कुणाला काही वाटत नाही. त्यांना चलान नाही. त्यांचे दोन्ही डोळे उघडे असतात ना.

असो. इतक्यात काकांचा नातू वडापाव घेऊन आला. टॉर्च बगलेत मारून काकांनी तिथेच उभ्याने सुरुवात केली. मी तिन्ही वायरींना चिकटपट्टी लावत होतो. वळून बघतो तर काकांनी खोक्यातून नवा बल्ब काढलेला, काचेला धरून, वड्याच्याच हाताने, आणि आभाळाकडे धरून एक डोळा मिटून निरखत होते.

मी जो ओरडलो तो बी विंगमध्ये ऐकू गेला म्हणे.

'तार शाबूत आहे का बघतोय,' काका म्हणाले.

'काका, काचेला हात नाही लावायचा! हॅलोजन आहे!'

'हात धुतलेत मी.'

'कधी?'

'सकाळी.'

मी समजावून सांगितलं. ही साधी काच नसते, क्वार्ट्झ असते. पेटल्यावर अडीचशे अंशांच्या वर तापते, तापायलाच हवी, नाहीतर तारेचं उडालेलं टंगस्टन परत तारेवर जात नाही. तिच्यावर बोटाचं तेल राहिलं, तर तेवढाच डाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. साध्या बोटाच्या तेलाचं हे होतं, इथे तर वडा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे सोवळ्यातला आहे.' मग त्यांनी तो खोक्यात परत ठेवला. खोक्यात बल्ब दोन होते, मी जोडी आणली होती. कुठला सोवळ्यातला आणि कुठला बाटलेला, हे आता काकांनाही सांगता येईना. दोघांच्याही बुडाला लसणीची चटणी होती. घरातून इंजेक्शनच्या आधी लावतात ते स्पिरिट आणून मी दोन्ही पुसले. या गडबडीत स्प्रिंग टणकन उडून खाली बंपरच्या आत गेली, ती काकांनी स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढली. निघाली तेव्हा तिचं एक टोक वाकलेलं होतं. 'सरळच होती ती,' काका म्हणाले, 'तुम्हाला तशी दिसतेय.'

रबराची टोपी चढवायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी जे बोललो ते नातवाने ऐकलं, आणि फोटोही त्याच पाऊण तासातला.

बॅटरी जोडली, लाइट लावला. जवळचा लावला तर लांबचा लागला, लांबचा लावला तर जवळचा. दोन वायरी उलट. त्या बदलल्या. पुन्हा लावला. लागला! काकांनी टाळी दिली, मीही घेतली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माणूस मला जवळचा वाटला. मग समोरच्या भिंतीवर नजर गेली. उजव्या दिव्याचा डाग बेताने खाली, आणि डाव्याचा पार वर, बी विंगच्या पहिल्या मजल्याला भिडलेला.

कारण मला कळलं होतं. जवळच्या लाइटच्या तारेखाली पत्र्याची चिमुकली वाटी असते, खाली जाणारा उजेड अडवणारी. तो खालच्या आरशावर पडला की उलटून वर जातो. बल्ब तिरका बसला की तो सगळा हिशोब चुकतो. तिघांपैकी एक कान खाचेत गेला नव्हता, वाकडी स्प्रिंग त्याला धरत नव्हती.

काकांनी मात्र भिंतीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा तीस वर्षांनी तरुण झाला. 'नाक वर आहे,' ते हळूच म्हणाले. 'डिकीत काय आहे?'

'काही नाही काका. आणि माल असता तर दोन्ही दिवे वर गेले असते.'

'उघडा.'

मी उघडली. का उघडली, मला आजही सांगता येत नाही. टॉर्च पहिल्यांदाच, दिवसभरात पहिल्यांदाच, जिथे पडायला हवी तिथे पडली.

'हे काय?'

'रद्दी.'

'किती किलो?'

'असेल दहा-बारा.'

'ही बरणी?'

'सासूबाईंनी दिलेलं लोणचं. वर न्यायचं राहिलंय.'

'घरगुती की विक्रीचं?'

'काका!'

'विचारावं लागतं,' काका म्हणाले आणि डिकी स्वतःच्या हाताने बंद केली. मोकळी सोडताना करायचे तशी मागच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

मला तेव्हाच टोपी काढून बल्ब नीट बसवायला हवा होता. पण आभाळ फुटलं, बोटांची सालटं निघाली होती, आणि ती टोपी पुन्हा काढायची माझ्यात ताकद नव्हती. पुढच्या रविवारी बघू म्हटलं. रात्री तो फोटो आला.

सोमवारी रात्री ग्रुपवर बी-१०२ च्या वहिनींचा मेसेज. 'ए विंगमधली एक गाडी रोज रात्री आमच्या स्वयंपाकघरात लाइट मारते. दूध उतू गेलं. संबंधितांनी खुलासा करावा.' रोज म्हणजे एकदाच, पण ते जाऊ द्या. सोबत फोटो : ओट्यामागच्या फरशीवर पांढरा लख्ख गोळा आणि त्यात मिक्सरची सावली.

मी काय लिहावं याचा विचार करेपर्यंत काकांचं उत्तर पडलं.

'बल्ब २०३ ने बसवला आहे. मी फक्त टॉर्च धरली होती.'

या वेळी वाक्यात कर्ता होता. त्यालाही अंगठे आले.