मावशीची पिशवी आणि खाड्याचा हिशोब

परवा माझ्या ऊसतोड करणाऱ्या मावशीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. गुडघे, कंबर, टाचा, सगळंच धरलंय. वय विचारल्यावर म्हणाली, "बेचाळीस असंल." डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, ऑपरेशन झालंय का विचारलं, तर म्हणाली, "धाकटं दुसरीत होतं तवाच काढली."

म्हणजे २८व्या वर्षी! पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तिची काढली का, तिला ठाऊक नाही. कागदच नाहीत.

२०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी आमच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. तेव्हा कितीतरी शिकलेली माणसं म्हणाली, अडाणी बायका, डॉक्टर म्हणेल तिथं अंगठा देतात. मला याचा फार राग येतो. मावशी अडाणी नाही, तिचा हिशोब चोख आहे.

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची दोघांनी. एक जण कोपीत, म्हणजे झोपडीत, बसला की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आणि तो पैसा उचलीत चढतो. उसाच्या फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीतला कपडा दिवसभर बदलायचा कुठं? रात्री कॅनॉलात धुवायचा, सकाळी ओलाच परत घ्यायचा. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं. मावशीनं चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका खाजगी दवाखान्यात गेली, तर ऐकलं काय? "पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल." ऑपरेशनचा खर्चही उचलीतूनच.

एका हंगामात काकांच्या पायावर कोयता बसला. तासाभरात मुकादमाच्या गाडीवरून तालुक्याला नेलं, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते दोन दिवस पडून होते, त्यांच्याही वाटच्या मोळ्या मावशीनं डोक्यावरून ट्रकात चढवल्या. काकांवर माझा राग नाही, तेही पिचलेलेच. पण त्यांचं रक्त सगळ्यांना दिसलं. हिचं दुखणं लुगड्याच्या आत.

आणि रक्ताचंच बोलायचं तर महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात ते कमी आहे, पुरुषांत साधारण पाचातल्या एकाच्या. टोपल्यात शेवटी उरलेली भाकरी कोण खातं, आपल्याला माहीत आहे.

आता बीडमध्ये पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. चांगलंच झालं. पण खाडा तसाच राहिला तर बाई दुखणं अंगावरच काढणार. पाळीच्या दिवसांत खाडा धरू नका, फडावर पाणी आणि संडास न्या, निम्मी मजुरी तिच्या खात्यात टाका. कारखान्यांना हे अशक्य नाही.

डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्यात, ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलंय. मावशी दसऱ्यानंतर फडावर जाणार आहे. मागची उचल अजून फिटलेली नाही.