सतरा भानगडी आणि सोळा सोमवार

माणसाने आपल्या कुलपाचा आकडा विसरावा यात नवल नाही. परंतु विसरू नये म्हणून तो वहीत लिहावा, कोणी वाचू नये म्हणून गुणाकार करून लिहावा, आणि शेवटी तो स्वतःलाच वाचता येऊ नये, हे कौशल्य बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त हेडक्लार्कने, म्हणजे मी, साध्य करून दाखविले आहे.

शेताचा उतारा आणि वाटणीची कागदपत्रे ज्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, तिला मी चार आकड्यांचे कुलूप लावले होते. धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी खानापूरहून ती कागदपत्रे नेण्यासाठी येणार होता. रात्री आठ वाजता मी वहीचे शेवटचे पान उघडले. तेथे माझ्याच वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या : ‘ट्रंक – भानगडी – ३२५२’ आणि ‘कार्ड – सोमवार – ४५१२’. खुणा मला तत्काळ उमगल्या. भानगडी सतरा असतात आणि सोमवार सोळा. मूळ आकड्याला ट्रंकेसाठी १७ ने आणि बँकेच्या कार्डासाठी १६ ने गुणून, उत्तराचे शेवटचे चार आकडे तेवढे मी उतरून ठेवले होते. त्या वेळी या युक्तीबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटल्याचेही आठवले.

गुणले आहे तर भागावे, इतके गणित मला येत होते. ३२५२ ला १७ ने भागले. भागाकार १९१ आला आणि बाकी ५ उरली. अपूर्णांक लावण्याची सोय कोणत्याही कुलपाला नसते. एकेक आकडा लावून पाहावा म्हटले, तर आकडे दहा हजार; प्रत्येकाला तीन सेकंद धरली तरी आठ तास वीस मिनिटे, आणि तेवढ्या वेळात माझा अंगठा निकामी होऊन भाऊ दारात उभा राहिला असता. “अहो, कापून टाका की ते कुलूप,” सौभाग्यवती भिशीच्या वहीतून मान वर न काढता म्हणाली. कुलूप दीडशे रुपयांचे होते. प्रश्न अब्रूचा होता.

अखेरीस इंजिनिअरिंगला असलेल्या पुतणीला हाक मारली. तिने वही पाहिली, तोंडावर ओढणी धरून यथेच्छ हसून घेतले आणि म्हणाली, “काका, तुम्ही भागायला बघताय, इथं भागाकार नसतो. इथं व्यस्त शोधायचा असतो की.” शाळेत १७ चा गुणाकार व्यस्त म्हणजे एक सतरांश, असे आम्हांस शिकविले होते; परंतु जेथे केवळ शेवटचे चार आकडे शिल्लक राहतात, म्हणजेच प्रत्येक उत्तराला दहा हजाराने भागून फक्त बाकी ठेवली जाते, तेथे १७ चा व्यस्त ही एक पूर्ण संख्याच असते : जिला १७ ने गुणले असता शेवटी ०००१ उरावे, ती. ती सापडली की वहीतल्या आकड्याला तिने गुणावे आणि मूळ आकडा परत मिळवावा.

ती शोधण्यासाठी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आम्ही दहा हजार आणि १७ यांचा मसावि काढू लागलो. दहा हजारांना १७ ने भागता भाग ५८८, बाकी ४. मग १७ ला त्या ४ ने भागता भाग ४, बाकी १. बाकी १ आली, म्हणजे काम झाले, असे मला वाटले. ही पायरी युक्लिडच्या काळापासून चालत आली आहे आणि तिने कोणाचे वाकडे केलेले नाही. खरी भानगड परतीच्या वाटेवर असते. जो १ मिळाला, तो १७ वजा चार वेळा ४ असा लिहावयाचा, आणि त्यातील ४ च्या जागी पुन्हा दहा हजार वजा ५८८ वेळा १७ असे घालावयाचे. वजाचे वजा अधिक होते, हे चाळीस वर्षे इतरांची बिले तपासणाऱ्या मला ऐन वेळी आठवले नाही. माझे उत्तर २३५१ आले. त्याला १७ ने गुणले, तर शेवटी ९९६७. पुतणीने न बोलता एक उभी रेघ मारून वजाचे अधिक केले, २३५३ आले. सतरा गुणिले २३५३ बरोबर ४०००१. संगणकावरच्या गुप्तलेखनाची जी पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली शोधली, तिच्यातील खाजगी किल्ली हा सार्वजनिक किल्लीचा असाच एक व्यस्त असतो, फक्त तेथील मापांक, म्हणजे आमच्या दहा हजारांच्या जागची संख्या, शेकडो अंकी असतो, असे तिने सांगितले, तेव्हा माझी ट्रंक मला एकदम प्रतिष्ठित वाटू लागली.

आपल्याकडे या रीतीला कुट्टक म्हणतात. आर्यभटाने ती ४९९ साली दिली आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत तिचे प्रकरणच लिहिले. कुट्टक म्हणजे कुटणारा; मोठ्या संख्या भागून भागून शेंगदाण्याच्या कुटाइतक्या बारीक करावयाच्या. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड, म्हणजे कोणी विजापूर म्हणतात, तर कोणी चाळीसगावजवळचे पाटण. ज्या गणितज्ञाच्या जन्मगावाचाही सीमाप्रश्न आहे, त्याची रीत बेळगावात उपयोगी पडावी, हे मला योग्यच वाटले.

मी ३२५२ ला २३५३ ने गुणू लागलो. हातचे तिसऱ्यांदा चुकत असताना सौभाग्यवती म्हणाली, “पुढचा आकडा गळलाय ना? मग तो लावून बघायचा की.” तिने भिशीच्या वहीच्या कडेला १३२५२ ला १७ ने भागले, बाकी ९, २३२५२ ला भागले, बाकी १३, ३३२५२ ला भागले आणि बाकी उरलीच नाही. माझा गुणाकार ७६५१९५६ वर पोहोचला, तोवर ट्रंक उघडली होती. दोघांचेही उत्तर एकच होते : १९५६. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले ते साल. सीमाभागातील मराठी माणसाने हा आकडा कुलपाला लावणे म्हणजे किल्ली दाराच्या कडीलाच टांगणे होय, असे मी आजवर गल्लीतील प्रत्येकाला बजावत आलो आहे.

राहिले कार्ड. “१६ आणि दहा हजार यांचा मसावि १६ आहे, एक नाही. म्हणून व्यस्तच नाही,” पुतणीने निकाल दिला. सोळा वेळा ६२५ म्हणजे नेमके दहा हजार, म्हणून दर ६२५ च्या अंतराने तेच उत्तर येते. तेव्हा ०२८२, ०९०७, १५३२ येथून ९६५७ पर्यंत सोळा आकडे सारख्याच हक्काने उभे राहिले, आणि यंत्र तीन चुकांनंतर कार्ड अडवते. बँकेत जाऊन नवा पिन घेता येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु तेथील काउंटरवर माझ्या हाताखाली उमेदवारी केलेला मुलगा बसतो, आणि त्याला मी हे प्रकरण सांगणार नाही. “मग दर सोमवारी एकेक आकडा लावा, पुण्य तरी मिळेल,” सौभाग्यवतीने तोडगा काढला. काल पाचवा सोमवार झाला. २७८२ लागला नाही. सतराव्या सोमवारी उद्यापन करावयाचे आहे, आणि त्याचे पैसे त्याच कार्डावरून काढावयाचे आहेत.